लावालावीचा धंदा

लग्नाच्या बाजारात उभं राहणाऱ्या मुलाला आपला धंदा एका वाक्यात सांगता आला पाहिजे, हे मला फार उशिरा कळलं. डॉक्टरला सांगता येतो, वकिलाला येतो, बँकेतल्या कारकुनाला तर न सांगताही लोक ओळखतात. २००६ साली एका मुलीच्या मामांनी कप बशीत ठेवत मला विचारलं, "मग, आपण कंपनीत नेमकं काय करता?"

मी बावळटासारखं खरं तेच सांगितलं. "माउंट-अनमाउंट करतो."

"वा! म्हणजे गिर्यारोहण!" मामा एकदम खुलले. "कळसूबाई झालं का?"

"नाही, तसं नव्हे. कॉम्प्युटरला डिस्क लावायची आणि काढायची."

"बरं. आणि मग?"

"मग पुन्हा लावायची."

मामांनी बशीतला चहा संपवला. "असं किती वेळा?"

"एका रात्रीत दहा हजार वेळा."

मामांनी मुलीच्या वडिलांकडे पाहिलं, वडिलांनी छताकडे पाहिलं. चार दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला. पत्रिका आम्ही दिलीच नव्हती. त्यात आमच्या मातोश्री शेजारणींना कौतुकानं सांगत, "आमचा बंडू पुण्याच्या मोठ्या कंपनीत लावालावी करतो." शेजारणी म्हणत, त्यासाठी कंपनीत कशाला जायला हवं, आपल्या वाड्यात काय कमी आहे?

वास्तविक धंदा जुना आणि खानदानी आहे. युनिक्सची पहिली पुस्तिका १९७१ सालची. तिच्यातही माउंट आणि त्याचा जोडीदार हे दोन्ही हुकूम आहेत. जोडीदाराचं नाव 'अनमाउंट' असायला हवं होतं, पण त्यातला 'एन' गळून ते 'यूमाउंट' राहिलं आणि पन्नास वर्षं उलटून गेली तरी तसंच आहे. युनिक्सचे एक जनक केन थॉम्प्सन यांना एकदा कुणीतरी विचारलं होतं, पुन्हा युनिक्स करायचं झालं तर काय बदलाल? त्यांनी 'क्रिएट' या हुकमातला खाल्लेला शेवटचा 'ई' परत घालीन असं सांगितलं, अशी गोष्ट प्रसिद्ध आहे. आमच्या 'एन'बद्दल त्यांना कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. लावण्याच्या कामाला सगळी अक्षरं आणि काढण्याच्या कामाला एक कमी, यातच आमच्या धंद्याची सगळी हकिगत आली.

आता हे लावणं-काढणं म्हणजे काय ते सांगतो. विंडोजवाल्यांच्या घरी प्रत्येक डिस्कचा स्वतंत्र ब्लॉक. दारावर पाटी, सी, डी, ई. युनिक्सचं कुटुंब मात्र एकत्र. मूळपुरुष एकच, त्याचं नाव नुसती एक तिरकी रेघ, आणि बाकीचे सगळे त्याच्या पोटात. नवी डिस्क आली की तिला स्वतंत्र बिऱ्हाड नाही. घरातली एक खोली, म्हणजे एक डिरेक्टरी, रिकामी करायची आणि तिथं तिला बसवायची. याला म्हणायचं माउंट करणं. यात गंमत अशी, की खोली रिकामी केली नाहीत तरी चालतं. आधीचं सामान मग नव्या पाहुणीच्या पसाऱ्याखाली झाकलं जातं. दिसत नाही, हाताला लागत नाही, पण असतं तिथंच. पाहुणी उठली की जसंच्या तसं वर येतं.

हे मला नोकरीच्या चौथ्या आठवड्यात कळलं. तीन आठवडे खपून लिहिलेली सगळी टिपणं मी 'टेस्ट' नावाच्या डिरेक्टरीत ठेवली होती आणि एका सोमवारी नवी कोरी डिस्क नेमकी तिथंच लावून मोकळा झालो. आत डोकावतो तो टिपणं गायब. सगळ्या डिरेक्टरीत एकच कप्पा, त्यावर इंग्रजीत नाव 'हरवले-सापडले'. नव्या डिस्कवर हा कप्पा सिस्टिमच करून ठेवते. अपघातात सापडलेल्या बेवारशी फाइली पुढेमागे त्यात टाकायच्या असतात. मला ते काय ठाऊक? मी मोठ्या आशेनं तो उघडला. तोही रिकामा. जिथं 'हरवले-सापडले'सुद्धा हरवलेलं आहे तिथं दाद मागायची कुणाकडे? मी दुपारचा डबा खाल्ला नाही. संध्याकाळी एका सीनियर बाईंनी माझा चेहरा पाहून विचारपूस केली, पडद्याकडे बघितलं आणि पोराला उन्हातून घरात ये म्हणावं तशा सुरात म्हणाल्या, "अरे, उतरव की ती." उतरवली. टिपणं होती तिथंच होती. बाईंनी मला एक पेढाही मागितला नाही, इतकी ती चूक सर्वसाधारण होती.

लावणं सोपं. खरी मेख काढण्यात आहे. काढायला गेलात की सिस्टिम सांगते, "बिझी आहे." म्हणजे त्या खोलीत कुणीतरी अजून बसलंय. कोण बसलंय ते शोधायला वेगळे हुकूम आहेत. पोलिसांसारखे ते नाव-नंबर आणून देतात, आणि दहापैकी आठ वेळा तो बसलेला इसम आपणच निघतो. मागच्या एखाद्या खिडकीत आपण त्याच डिरेक्टरीत पाय सोडून बसलेले असतो आणि पुढच्या खिडकीतून ओरडत असतो, "कोण आहे रे आत?" न उठणाऱ्या पाहुण्यासाठी एक 'आळशी' अनमाउंटही आहे. त्यात दारावरची पाटी तेवढी ताबडतोब उतरवतात. पाहुणा आत बसून चहा संपवतो आणि उठेल तेव्हा उठतो, पण नवा माणूस आत यायला दार राहत नाही. ज्यानं ही युक्ती काढली त्याच्या सासुरवाडीची माणसं किती होती कोण जाणे.

कुणी म्हणेल, एवढी आर्जवं कशाला? सरळ वायर उपटावी. उपटू नये, याचं कारण असं की कॉम्प्युटर थोडासा थापाड्या आहे. तुम्ही फाइल लिहिलीत की तो तत्काळ म्हणतो, "लिहिली." कुठं लिहिली? स्वतःच्या डोक्यात. आमच्या गल्लीतला वाणी जशी उधारी पुडीच्या कागदावर खरडून ठेवतो आणि दुकान बंद करताना वहीत उतरवतो, तसं ते खरडलेलं साधारण अर्ध्या मिनिटानं डिस्कवर उतरवायचा लिनक्सचा शिरस्ता आहे. त्यासाठी आतमध्ये एक उतारकरी कारकून असतो. पाच-पाच सेकंदांनी उठून तो जुने कागद शोधतो. अनमाउंट म्हणजे या कारकुनाला सांगणं की बाबा, सगळे कागद वहीत घे, वही मीट आणि कुलूप लाव. ते न करता डिस्क ओढलीत तर वहीतलं पान अर्धवट राहतं.

तर कंपनी स्वतःची एक फाइल सिस्टिम तयार करत होती, आणि ती हजारदा लावून-काढून टिकते का हे पाहणं माझ्या माथी आलं होतं. याला 'स्ट्रेस टेस्ट' म्हणतात. मला वाटलं होतं स्ट्रेस फाइल सिस्टिमला येतो. मी एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. डिस्क लाव. आठ टवाळ पोरं आत सोड. ती भराभर फाइली करतात, नावं बदलतात, पुसतात, नुसता धुडगूस घालतात. मग त्यांना बाहेर काढ, डिस्क उतरव, तपासनिसाकडून तपासून घे, पुन्हा लाव. एक फेरी चार सेकंदांची. दहा हजार फेऱ्या म्हणजे सुमारे ११ तास. संध्याकाळी सातला सुरू करायचं आणि सकाळी सहाला येऊन आकडा बघायचा. तुलनेसाठी शेजारच्या मशीनवर लिनक्सची त्या वेळची नेहमीची ईएक्सटी-३ अशीच लावून-काढून बघितली. ती दर वीस-तीस वेळांनंतर कुरकुरायची की आता फार वेळा लावून झालं, एकदा तब्येत दाखवा. त्या काळच्या फाइल सिस्टिमना अशी सक्तीची तपासणी नेमून दिलेली असे. पुढं ती पद्धत मुळातच बंद ठेवू लागले. पण त्या वेळी मला त्या कुरकुरीबद्दल आदर वाटायचा. मला एवढंही म्हणायची सोय नव्हती.

पहिले सहा दिवस काही झालं नाही. सातव्या दिवशी सकाळी मशीन दगडासारखं गप्प. आकडा ७,३१२. म्हणजे सात हजार तीनशे अकरा वेळा सुखरूप उतरलेली डिस्क पुढच्या वेळी उतरताना सगळं मशीन घेऊन बसली होती.

मी प्रोग्रॅमरकडे गेलो. त्यानं माझ्यासमोर वीस वेळा डिस्क लावली-काढली आणि म्हणाला, "चालतंय की."

"वीस वेळा नाही रे, सात हजार वेळांनंतर होतं."

"कुठला गिऱ्हाईक सात हजार वेळा काढणारे?"

"एक गिऱ्हाईक नाही काढणार. पण सात हजार गिऱ्हाइकांनी एकेकदा काढली तर?"

यावर तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग प्रोग्रॅमर मंडळी शेवटी जे म्हणतात ते म्हणाला, "तुझं मशीनच खराब असेल." मशीन बदललं. त्या रात्री ४,१०६ ला बसलं. पुढच्या दोन रात्री दहा-दहा हजार फेऱ्या निर्वेध. हा भूत पाहिल्यासारखा प्रकार. पाहिलंय हे आपल्याला ठाऊक, पण दाखव म्हटलं की ते नेमकं येत नाही. मॅनेजरनी शुक्रवारी माल बाहेर पडायचाच असं ठरवलेलं. त्यांनी मला प्रेमानं जवळ बसवून सांगितलं, की 'क्वचित' या सदरात टाकून दे. क्वचित हे सदर म्हणजे घरातला माळा. तिथं टाकलेलं पुन्हा खाली उतरत नाही.

बुधवारी रात्री मी जेवणावर लक्ष नसल्यासारखा बसलो होतो. समोर अण्णा. अण्णा म्हणजे माझे वडील. सगळा जन्म रेल्वेच्या यार्डात गेला. पॉइंट्समन म्हणून लागले आणि शंटिंग जमादार म्हणून निवृत्त झाले. माझ्या लहानपणी त्यांचे एक मित्र रविवारी चहाला यायचे. आम्ही त्यांना नुसतं काका म्हणायचो. काका बशी अंगठा आणि दोन बोटांवर तोलून अशी ऐटीत धरायचे, की मला वाटायचं मोठ्या माणसांनी चहा असाच प्यायचा असतो. एकदा मी दोन बोटं मिटून तशी बशी धरून दाखवली. अण्णांनी आयुष्यात मला एकदाच मारलं, ते तेव्हा. का मारलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

"काय अडलंय?" अण्णांनी विचारलं.

मी सांगितलं. लावायचं, काढायचं, आत कारकून, बाहेर कुलूप. मामांना जे चहाच्या एका कपात कळलं नाही ते अण्णांना आमटीच्या दुसऱ्या वाटीला कळलं. "म्हणजे डबे जोडायचे नि सोडवायचे," ते म्हणाले. "जोडताना आवाज मोठा होतो म्हणून लोक बघायला थांबतात. माणूस मरतो तो सोडवताना."

"आम्ही बघतो ना आधी, आत कुणी आहे का ते. कुणी नसेल तरच सोडवतो."

"कसं बघता?"

"विचारतो. आकडा शून्य आला की आत कुणी नाही."

अण्णांनी भाताचं शित बोटानं ताटाच्या कडेला लावलं. "विचारलं तेव्हा नसतो आत. तू झेंडी हलवेपर्यंत शिरलेला असतो. नुसत्या हाकेवर काम करायचं नसतं. दोन बफरांच्या मधे जाणाऱ्यानं आधी लाल झेंडी लावायची, बाहेर आल्यावर त्याची त्यानंच काढायची. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. झेंडी आहे तोवर इंजिनाला हलवायचं नाही, मग वरचा साहेब येऊन बोंबलू दे."

मी म्हणालो, "तुमच्याकडे असं नेहमी पाळायचे?"

अण्णा थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "गाडीला उशीर झाला होता. झेंडी लावायची राहिली. मी हाक मारली होती त्याला. उत्तर आलं नाही, म्हणून धरून चाललो की बाहेर आहे." आणि उजव्या हाताची दोन बोटं त्यांनी नकळत मिटली. "दोन बोटांवर निभावलं. दर रविवारी चहाला यायचा माझ्याकडं. एक अक्षर बोलला नाही कधी."

आईनं ताक वाढलं. पुढं कुणी काही बोललं नाही.

गुरुवारी सकाळी मी प्रोग्रॅमरच्या टेबलापाशी जाऊन लाल झेंडीची गोष्ट सांगितली. तो हसला. "तुझ्या वडिलांना सी येतं का रे?" असंही म्हणाला. मी त्याला एवढंच विचारलं, की आकडा शून्य आहे हे बघणं आणि खोली पाडायला घेणं यांच्यामधे तुझा उतारकरी कारकून आत शिरू शकतो की नाही? "नाही शिरू शकत," तो म्हणाला आणि दाखवायला म्हणून त्यानं कोड उघडला. वाचत गेला तसं त्याचं हसणं कमी कमी होत गेलं. दुपारी बारा वाजता त्यानं जेवायला यायचं नाकारलं, तेव्हा मी ओळखलं की सापडलंय. शून्य बघायचा तो एका ओळीत, आणि पाडायला घ्यायचा तो अकरा ओळी खाली. त्या अकरा ओळींना लागणारा वेळ डोळ्याच्या पापणीला कळणार नाही इतका, पण पाच-पाच सेकंदांनी उठणारा तो कारकून हजारो फेऱ्यांतून एकदा नेमका तेव्हाच उठायचा, खोलीत पाऊल टाकायचा आणि खोलीच नसायची. मशीन गप्प बसेल नाही तर काय करील?

दुरुस्ती लहानशी होती. आत जाणाऱ्यानं आधी नोंद करायची, बाहेर आल्यावर स्वतः पुसायची, आणि शून्य बघणं व दाराला कडी घालणं एकाच दमात करायचं. शुक्रवारचा माल पुढच्या बुधवारी बाहेर पडला. त्या पाच दिवसांत मॅनेजर माझ्याशी बोलत नव्हते. मी पाच रात्री पन्नास हजार वेळा लावली-काढली. एकदाही बसली नाही. मालाबरोबर जे सुधारणांचं पत्रक गेलं त्यात चौतिसाव्या क्रमांकावर एक ओळ होती, की डिस्क काढताना क्वचित येणारी अडचण दूर केली आहे. त्या 'क्वचित'वर माझं सगळ्यात जास्त प्रेम आहे. मी ते पत्रक छापून घरी नेलं. अण्णांनी चष्मा लावून वाचलं, घडी घातली आणि पेन्शनच्या कागदांत ठेवलं.

एवढं सगळं पोटतिडकीनं करणाऱ्या माणसानं घरी पेनड्राइव्ह कसा काढावा? सावकाश आणि विधिपूर्वक, असं तुम्हाला वाटेल. पुढं माझं लग्न झालं (तिच्या मामांनी काही विचारलं नाही, त्यांना ऐकू कमी येत होतं), मुलगा झाला, बारसं झालं. बारशाचे फोटो आत्याबाईंना गावी न्यायचे होते. बाहेर रिक्षा उभी, आत्याबाई चपला घालून तयार. मी फोटो पेनड्राइव्हवर टाकले, शंभर टक्के झालेले पाहिले आणि उपटला. दहा हजार वेळा उतरवणाऱ्या मी एकदा उतरवलं नाही. शंभर टक्के ही वाण्याच्या पुडीवरची उधारी होती. गावी गेल्यावर निम्मे फोटो उघडेनात. पेनड्राइव्ह पोस्टानं परत मागवला. मी तपासनीस चालवून बेवारशी तुकडे गोळा केले. त्यांना नावंही रेल्वेच्या वॅगनीसारखी मिळाली, एफएससीके शून्य शून्य शून्य शून्य, मग एक, मग दोन. कॅमेऱ्यातली मूळ चित्रं तोवर पुसून झालेली. जे सापडलं त्यातल्या एका फोटोत आत्याबाईंचं डोकं, नथ आणि हनुवटीपर्यंतचा भाग शाबूत आहे आणि त्याखाली सगळा करडा रंग. मांडीवरचं बाळ करड्यात गेलं. आत्याबाईंनी तोच फ्रेम करून लावलाय. माझा सगळा धंदा त्या फ्रेमकडे बोट दाखवून त्या आल्यागेल्याला समजावून सांगतात, आणि कंपनीतल्या कुणाहीपेक्षा बरा सांगतात.

अण्णा आता ऐंशीच्या पुढं आहेत. टीव्हीला पेनड्राइव्ह लावून कीर्तनं ऐकतात. जुने युनिक्सवाले मशीन बंद करण्याआधी 'सिंक' हा हुकूम तीनदा टाइप करायचे. एकदा केला तरी पुरत असे. तीनदा टाइप करेपर्यंत डिस्कला आपलं काम उरकायला सवड मिळायची, एवढाच त्यातला अर्थ. हे मी त्यांना कधीतरी सांगून बसलो. आता कीर्तन संपलं की ते आधी रिमोटनं बंद करतात, आणि मग तीनदा, मोठ्यांदा, "सिंक" म्हणतात. नातू म्हणतो, "आजोबा, टीव्हीला ऐकू येत नाही." टीव्ही म्हणतो, आता काढायला हरकत नाही. अण्णांचा दोघांवरही विश्वास नाही. ते गुडघ्यावर हात ठेवून टीव्हीच्या मागं वाकतात आणि त्या लहानशा दिव्याची लुकलुक थांबलीय का ते पाहतात. मग सरळ होऊन, आत आणखी कुणाला तरी ऐकू जावं अशा आवाजात विचारतात, "आलास का रे बाहेर?"

आणि उत्तरासाठी थांबतात.